बैत्याचा डॉक्टर

"आवं, कुणी बोलावलं तुमास्नी? घरात कोण आजारी न्हाई."

"माहीत आहे. म्हणून तर आलो," असं म्हणत डॉक्टर अनंत वाळिंबे यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि ते थेट साळूबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले. "या हंड्यावर झाकण का नाही?"

"आत्ताच काढलंय. पूजा पाणी भरतीया."

"पूजा मला चावडीपाशी भेटली. शेळी घेऊन चालली होती."

साळूबाईंनी कपाळाला हात लावला. "सुनंला सासू नडती म्हणत्यात. मला ह्यो डाक्टर नडतोय."

हे आमच्या पिंपरणीत नेहमीचं. कृष्णेकाठचं गाव, इस्लामपूरला जायला दिवसातून मोजक्या एसट्या, आणि गावाला असा एक डॉक्टर, जो माणसं धडधाकट असतानाच घरात घुसतो. मडक्यात डोकावतो, पोरांची नखं बघतो, लोणच्याच्या बरणीवरून म्हाताऱ्यांशी भांडतो. वाटेत कुणी खोकलं की दुसऱ्या डॉक्टरला बरं वाटत असेल. आमचे डॉक्टर जागच्या जागी थबकतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. कारण डॉक्टर वाळिंबे दर खेपेचे पैसे घेत नाहीत. ते बैत्यावर आहेत.

बैतं म्हणजे काय हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. पूर्वी सुगी झाली की शेतकरी सुतार-लोहारांना वर्षाचं धान्य घालायचा, आणि मग वर्षभर औत मोडो, कुऱ्हाड बोथट होवो, पुन्हा पैशाचं नाव काढायचं नाही. डॉक्टर वाईहून नवे-नवे आले तेव्हा हंबीरराव सोसायटीचे चेअरमन होते. सोसायटीच्या गोदामाच्या पुढच्या खोलीत दवाखाना. तिथं माणसं यायची ती सगळे घरगुती उपाय थकल्यावर, ताप डोक्यात गेल्यावर. डॉक्टर चिडायचे, "अहो, आधी का नाही आलात?"

"आधी आलो असतो तर आधीचं पैसं पडलं असतं," माणसं सरळ सांगायची. "म्हटलं, बगू या, जातोय का आपसूक."

एका संध्याकाळी हंबीररावांनी डॉक्टरांपुढं चहाची बशी सरकवली. "डॉक्टर, तुमी बैत्यावर या."

"मी?"

"व्हय. घरटी एक ठराविक रक्कम. ज्याची राजी हाय त्यानं सोसायटीला लिहून द्यायचं, ती उसाच्या बिलातनं वर्षाला एकदा तुमास्नी देईल. मग कोण शंभरदा येऊ दे न्हाईतर एकदाबी न येऊ दे. आवं, बैतं असलं की औत मोडू नये असं सुतारालाच वाटतंय. मोडलं की त्यालाच काम! तसं आमी मोडू नये असं तुमास्नी वाटाय पायजे."

डॉक्टर घरी आले आणि त्यांनी बायकोला ही योजना सांगितली. श्रद्धाताई तेव्हा भाकरी शिकत होत्या, हातातलं पीठ तसंच. "म्हणजे आता आईला पत्रात काय लिहू? जावई बैत्यावर लागले?"

"लिही."

"जावई खूश आहेत असंही लिहू?"

"ते एक वर्षानं लिही."

त्यांनी ते खरंच वर्षानं लिहिलं.

पण गावानं सगळं मुकाट मान्य केलं असं कुणी समजू नये. इस्लामपूरला जाऊन आलेला माणूस पारावर बसून हातावरची चिकटपट्टी मिरवायचा. "आत गेलो न् लगेच सलाईन! वर दोन इंजेक्शनं. आन् आमचा? म्हणतोय, पाणी पी, झोप काढ, उद्या मीच येतो. बैतं आधीच पदरात पडल्यावर सलाईन कोण लावतंय?"

हे डॉक्टरांना लागायचं. पण त्याहून जास्त ते श्रद्धाताईंना पटायचं. त्यांनी बरोबर ओळखलं होतं की खेपेला पैसे घेणाऱ्या डॉक्टरला रोगी दारात हवा असतो, आणि बैत्यावरच्या डॉक्टरला तो दारात नको असतो. नको असण्याचे रस्ते दोन. एक, त्याला आजारीच पडू द्यायचं नाही. दुसरा, तो आजारी आहे हे आपल्याला कळलंच नाही असं दाखवायचं. म्हणून ताट वाढलं की त्या रोज एकच प्रश्न विचारायच्या.

"आज कुणाकडे जायचं टाळलंत?"

"कुणाकडे नाही."

"नीट आठवा. भात नंतर वाढते."

आणि बहुतेक वेळा भाताच्या आधी एखादं नाव निघायचं. हात धुऊन डॉक्टर पिशवी उचलायचे.

आता साळूबाईंच्या गुडघ्याकडे येऊ. साळूबाई म्हणजे बाजाराच्या दिवशी इस्लामपुरात वांगी विकणारी बाई. कृष्णाकाठची, चमकदार, देठाला काटा असलेली वांगी. बाजारात जुन्या पिंपळाखाली त्यांची ठरलेली जागा, तिथं दुसरी बाई बसली तर साळूबाई नुसत्या बघून तिला उठवायच्या. मुलगा विश्वजीत फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन पुण्याला सिक्युरिटीत लागलेला. घरी सून पूजा आणि शेत.

उजवा गुडघा आधी कुरकुरत होता, मग तो वाकडाच होत गेला. एसटीची पहिली पायरी म्हणजे त्यांना गडाचा बुरूज. एक दिवस कंडक्टरनं त्यांना दोन्ही दंडांना धरून वर ओढलं आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, पोत्याचं तिकीट वेगळं असतंय." त्या दिवशी साळूबाई घरी आल्या आणि टोपली भिंतीकडे तोंड करून ठेवली. पुढच्या बाजाराला गेल्या नाहीत.

विश्वजीतनं फोनवर निकाल दिला. "आई, दोन्ही गुडघं बदलून टाक. माजी सैनिकांचं कार्ड हाय आपल्याकडं. रुपाया लागणार न्हाई."

डॉक्टरांनी दोन्ही गुडघे वाकवून पाहिले, कान लावल्यासारखं हात लावून पाहिले. "उजवा बदलायलाच हवा. माझ्याच्यानं आता काही होणार नाही. डावा मात्र चालतोय अजून."

"पण कार्ड पडून हाय की!" साळूबाई म्हणाल्या. "रेशन उचललं न्हाई तर वाया जातंय, तसं हुईल."

"साळूबाई, गुडघा म्हणजे रॉकेल नव्हे."

"मला ठावं हाय तुमी का न्हाई म्हणताय ते. दोन गुडघं झालं तर तुमास्नी दुप्पट हेलपाटं पडत्यात."

डॉक्टर म्हणाले, "हो. तेही खरं आहे. म्हणून माझं ऐकू नका. अवधूतला विचारू."

अवधूत म्हणजे डॉक्टरांचा मुलगा. कराडकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हाडांचा सर्जन. डॉक्टरांनी अंगणातच फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, एक्स-रेत दोन्ही वाईट दिसतात," अवधूत म्हणाला.

"एक्स-रेत माझेही वाईट दिसतील. बाई डाव्या पायावर जोर देऊन धारेला बसते-उठते रे."

अवधूतनं आवाज खाली आणला. "खरं सांगू? डाव्याला थांबता येईल. पण मी 'दोन्ही' म्हणालो तर त्या खूश, त्यांचा मुलगा खूश, हॉस्पिटल खूश. कार्डवर एका गुडघ्याचं एक पॅकेज, दोन गुडघ्यांची दोन. 'एक' म्हणालो तर तिघंही मला विचारतात, का?"

"मग सांग की, का ते."

"तुम्हाला सोपं आहे. तुम्हाला कोणी विचारत नाही."

"मला तुझी आई रोज विचारते," डॉक्टर म्हणाले.

साळूबाईंनी फोनकडं तोंड करून ओरडून सांगितलं, "आरं अवधूत, तुझा बाप आन् तू दोघं मिळून म्हणत असला तर एकच कर! पर चांगला कर!"

त्यानं चांगला केला. खरोखर चांगला. कार्ड नसतं तर तो गुडघा साळूबाईंच्या नशिबी नव्हता, हे डॉक्टर वाळिंबे आजही सगळ्यांना सांगतात. तिसऱ्या दिवशी साळूबाई वॉकर धरून वॉर्डात चालल्या, नर्सनं टाळ्या वाजवल्या, आणि लगेच घरी पाठवणी झाली. पॅकेज तेवढंच होतं. बाई चार दिवस राहिली काय, दहा दिवस राहिली काय, हॉस्पिटलच्या हाती येणार तेच. एका कागदावर व्यायामाची चित्रं दिली, फिजिओथेरपीला रोज जायला सांगितलं. रोज म्हणजे जवळात जवळ इस्लामपूरला. इस्लामपूरला म्हणजे एसटीनं. आणि एसटीची पायरी तर तिथंच होती, जिथं आधी होती.

घरी समाचाराला माणसं लोटली. जो येईल तो बिस्किटपुडा उशाला ठेवायचा आणि सांगायचा, "हलू नगासा हां. लाखमोलाचा गुडघा हाय." पूजानं मायेनं दोन उशा गुडघ्याखाली सरकवल्या. साळूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणी नुसतं झोपून राहा म्हणत होतं. त्या राहिल्या.

आणि डॉक्टर? रोज लोकांच्या मडक्यात डोकावणारा तो माणूस त्या दारावरून सायकल जरा जोरात मारू लागला. हॉस्पिटलनं केलंय, हॉस्पिटल बघेल. मुलानं केलंय, त्यात आपण कशाला?

"आज कुणाकडे जायचं टाळलंत?" श्रद्धाताईंनी विचारलं.

"कुणाकडे नाही."

श्रद्धाताईंनी भाताचं पातेलं आपल्या बाजूला ओढलं.

"…साळूबाईंकडे."

"किती दिवस?"

"त्या आल्यापासून," डॉक्टर म्हणाले आणि ताटावरून उठले.

त्यांनी गुडघा हातात धरून वाकवून पाहिला. दोन उशांवर ऐटीत पहुडलेला तो लाखमोलाचा गुडघा ना पुरता सरळ होत होता, ना वाकत होता. दाराच्या बिजागरीला गंज धरावा तसा अडकला होता.

"उशा काढ, पूजा. दोन्ही."

"आवं, दुखतंय त्यास्नी!"

"दुखू दे. नाहीतर हा असाच राहील."

साळूबाईंनी उशा छातीशी धरल्या. "इतकं दिस कुठं हुता? आन् आता माझ्या उशा काढाय आलायसा?"

"तुम्हाला टाळत होतो," डॉक्टर म्हणाले. "चुकलं माझं."

एवढं सरळ उत्तर साळूबाईंना अपेक्षित नव्हतं. एक उशी त्यांच्या हातातून सुटली. दुसरी डॉक्टरांनी ओढून घेतली.

अवधूतला फोन लागला. तो काळजीत पडला. "बाबा, काटकोनात तरी वाकायला हवा. तपासणीच्या तारखेपर्यंत वाकला नाही तर भूल देऊन आम्हालाच वाकवावा लागेल."

"ते कार्डात बसतं?"

"ते बसतं. प्रोसिजर आहे ती."

"आणि रोज घरी येऊन कुणी वाकवला तर?"

"ते… नाही बसत."

डॉक्टर हसायला लागले. "म्हणजे भूल देऊन एकदा वाकवायला पैसे आहेत, आणि जागेपणी रोज वाकवायला नाहीत."

"बाबा, नियम मी केले नाहीत."

"नाही रे बाळा. तुला नाही बोलत."

फोनवर विश्वजीतला मात्र यात काहीच अडचण दिसेना. "मग देऊन टाका की भूल! कार्ड हाय!"

"विश्वजीत," डॉक्टर म्हणाले, "तुझी आई पुन्हा बाजारात पिंपळाखाली बसायला हवी की नको? मग तारखेपर्यंत मला मोकळं सोड."

"पर डाक्टर," साळूबाईंनी आडवं घातलं, "तुमास्नी ह्यात काय मिळायचं? बैतं तर तेवढंच."

"अहो, तुमचा पाय वाकला नाही तर पुढची दहा वर्षं कंबर दुखली, पाठ दुखली म्हणून मलाच बोलावणार तुम्ही. मी माझा जीव वाचवतोय."

साळूबाईंना हे कारण एकदम पटलं. फुकट कुणी काही करतं यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

मग पिंपरणीत रोज सकाळी एक तमाशा व्हायला लागला. साळूबाई ओट्याच्या कडेला बसलेल्या, पाय खाली सोडलेला, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा. समोर पाटावर डॉक्टर, टाच हातात धरून.

"सोला शेंगा. पायाकडे बघू नका."

"आई गं! मेल्या— आवं, तुमास्नी न्हाई म्हटलं, पायाला म्हटलं."

"पायाला म्हणा, मला म्हणा. अजून बोटभर."

"तुमच्या हाताला काय दयामाया? वाईच्या घाटावर काय धोंडं घासत हुता काय?"

"अजून बोटभर."

"हे बोट न्हाई, हे मुसळ हाय!"

शेजारणी कामं टाकून बघायला यायच्या. समाचाराला आलेल्यांना डॉक्टरांनी कामालाच लावलं. आला की बिस्किटपुडा बाजूला ठेवायचा आणि साळूबाईंना हाताला धरून गोठ्यापर्यंत चालवून आणायचं. मग समाचाराची गर्दी आपोआप ओसरली. हंबीरराव एक दिवस एसटी स्टँडवर जाऊन पायरीची उंची काठीवर खूण करून घेऊन आले आणि साळूबाईंच्या दारात तेवढ्या उंचीचा विटांचा कट्टा रचला.

"ही घ्या गाडी. इस्लामपूर, इस्लामपूर!" ते कंडक्टरसारखे ओरडले.

साळूबाईंनी उजवा पाय उचलला. पाय निम्म्यात थांबला. त्यांनी तो हातानं धरून वर ठेवायचा प्रयत्न केला, जमेना. त्या तशाच कट्ट्याला टेकून उभ्या राहिल्या, आणि दररोज शिव्यांची लाखोली वाहणारी ती बाई काहीच बोलली नाही. पूजानं पदर तोंडाला लावला. हंबीरराव विटांकडं बघत राहिले.

डॉक्टरांनी पाट पुढं ओढला. "बसा. शेंगा कुठायत?"

रविवारी अवधूत आला. गाडी चावडीपाशी लावून चालत. त्यानं ओट्यापाशी बापाला पाटावर बसलेलं पाहिलं, घाम पुसताना. सर्जन म्हणून त्यानं शेकडो गुडघे बसवले असतील, पण घरी गेल्यावर त्यांचं काय होतं हे त्यानं कधी बसून पाहिलं नव्हतं. त्याला कुणी तेवढा वेळ दिलाच नव्हता. त्यानं बाह्या सारल्या.

"बाबा, उठा. तुम्ही टाच धरताय, मांडी सुटतेय. अशी धरायची."

"बघ तूच."

त्यानं धरली, सावकाश दाबली, थांबला, पुन्हा दाबली. साळूबाईंनी डोळे मिटले.

"दुखतंय का मावशी?"

"बापापरीस कमी. पर बाप जास्त बोलतोय, म्हणून कळत न्हाई."

सगळे हसले. अवधूतही हसला आणि टाच न सोडताच म्हणाला, "आता याचं बिल कुठं लावायचं, बाबा?"

"तुझ्या बापाच्या बैत्यात," साळूबाईंनीच उत्तर दिलं.

त्यानंतर तो दर रविवारी येत राहिला. हॉस्पिटलात त्यानं काय केलं ते आम्हाला पुरतं ठाऊक नाही. श्रद्धाताई एवढंच सांगतात की आता गुडघ्याचा पेशंट घरी गेला की अवधूतकडून उशा काढायला सांगणारा एक फोन जातो. तो वेळ कुठल्या पॅकेजात बसतो, हे त्याला विचारू नये.

तपासणीची तारीख आली तेव्हा साळूबाई कराडला जीपनं गेल्या. काटकोन झाला होता, वर बोटभर जास्त. भूल लागली नाही. पण साळूबाईंच्या लेखी ती तपासणी नव्हतीच. खरी तपासणी बाजाराच्या दिवशी.

सकाळची एसटी आली. स्टँडवर हंबीरराव, पूजा, दोन-चार शेजारणी, आणि पेपर वाचत असल्याचं दाखवणारे डॉक्टर. पेपर उलटा नव्हता, पण पान उलटत नव्हतं एवढं खरं. कंडक्टर तोच. साळूबाईंना बघताच तो दारात आला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"हात घे माघारी," साळूबाई म्हणाल्या. "पोत्याचं तिकीट वेगळं असतंय न्हवं?"

त्यांनी दांडी धरली. उजवा पाय उचलला. तो वर गेला, पायरीच्या कडेला चाटून खाली आला. साळूबाईंनी पायाकडं असं पाहिलं, जसं त्या पिंपळाखाली बसलेल्या परक्या बाईकडं बघत. मग पुन्हा उचलला. पाऊल पायरीवर टेकलं, गुडघा वाकला, थरथरला, आणि साळूबाई स्वतःच्या पायानं आत गेल्या.

पूजा रडायला लागली. डॉक्टरांनी अखेर पान उलटलं.

खिडकीतून साळूबाईंचं डोकं बाहेर आलं. "आवं डाक्टर! बगताय काय? माझी टोपली खालीच ऱ्हायली!"

वांग्यांनी भरलेली टोपली डॉक्टरांनी दोन्ही हातांनी उचलली, काटे टोचत असताना, आणि कंडक्टरच्या हातात दिली.

"आवं, तुमी मावशींचं डाक्टर का हमाल?" कंडक्टरनं विचारलं.

"बैत्यावर आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही."

गाडी गेली. टोपलीतून पडलेलं एक वांगं धुळीत होतं. डॉक्टरांनी ते पुसून पिशवीत टाकलं. गर्दी पांगली, आणि त्या पांगणाऱ्या गर्दीतून हंबीररावही जरा घाईनंच निघाले. गेले कितीतरी दिवस सगळं गाव एका गुडघ्याकडं बघत असल्यामुळं, साखरेचा जुना रोगी असलेल्या हंबीररावांच्या पायांकडं कुणाचंच लक्ष गेलेलं नव्हतं. हंबीररावांना ते फार सोयीचं गेलं होतं.

"हंबीरराव!"

"आलोच. जरा सोसायटीत—"

"थांबा."

"आवं, इथं? चार माणसांत?"

डॉक्टर स्टँडच्या कट्ट्यावर बसले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि हातानं आपली मांडी थोपटली.

"चपला काढा. पाय बघू."